आधी कुठे उभे आहात ते सांगा

एक विधान करतो आणि शिव्या खायला तयार राहतो. ज्याला काळ्या पडद्यावर एका डिरेक्टरीतून दुसऱ्या डिरेक्टरीत जाता येत नाही, त्याने स्वतःला सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणवून घेऊ नये. पगार घ्यावा, कार घ्यावी, लिंक्डइनवर काय हवं ते लिहावं, पण इंजिनिअर म्हणवून घेऊ नये.

काळा पडदा म्हणजे कमांड लाइन, शेल, टर्मिनल, जे नाव आवडेल ते. आणि डिरेक्टरी म्हणजे तुमचं ते पिवळं फोल्डर. निर्देशिका म्हणा, संचयिका म्हणा, मी आपलं डिरेक्टरीच म्हणतो.

आता एवढं चिडायला काय झालं? तर आपल्याकडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात माझा एक जुना मित्र शिकवतो. (त्याचं नाव नको, कॉलेजचं तर नकोच नको.) त्याची मेल आली की पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलमधून शेलचे तास काढून त्या जागी 'एआय टूल्सची ओळख' घालायचं चाललंय. मीटिंगमध्ये एक वरिष्ठ सर म्हणाले म्हणे, "आता सीडी मारायला कोण बसतंय? तिकडे अमेरिकेत तरी कोण मारतं?"

तर मी तिकडेच आहे. बरीच वर्षं आहे. आणि सांगतो, इकडे मारतात. रोज, दिवसातून शंभर वेळा. ज्या सर्व्हरवर तुमचं यूपीआय, रेल्वेचं बुकिंग नि सिनेमाची तिकिटं चालतात, त्यातल्या बहुतेकांना पडदा नाही, माउस नाही. त्यांच्यात शिरायचं तर लिहूनच शिरावं लागतं. जगातल्या सगळ्यात मोठ्या पाचशे सुपरकॉम्प्युटरच्या यादीत नोव्हेंबर २०१७ पासून झाडून सगळी यंत्रं लिनक्सवर चालतात. खुद्द मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये विंडोजच्या पोटात लिनक्सचं शेल आणून बसवलं. ते काय हौस म्हणून?

पण त्या सरांचं अर्धं म्हणणं खरं आहे, तेही कबूल करतो. अमेरिकेतल्या नव्या पिढीलाही फाइल कुठे असते ते कळेनासं झालंय. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये 'द व्हर्ज'ने यावर एक मोठा लेख छापला होता. त्यात कॅथरीन गार्लंड या खगोलभौतिकीच्या प्राध्यापिकेचा अनुभव आहे. २०१७ साली त्या इंजिनिअरिंगच्या मुलांना जेट इंजिनाच्या टर्बाइनचं सिम्युलेशन शिकवत होत्या. प्रोग्रॅमला फाइल सापडत नव्हती, म्हणून त्यांनी मुलांना विचारलं की तुम्ही फाइल ठेवलीत कुठे? मुलांना तो प्रश्नच कळला नाही! उत्तर येत नव्हतं असं नव्हे, 'कुठे' म्हणजे काय हेच कळत नव्हतं. मग लक्षात आलं की इतर प्राध्यापकांनाही हाच अनुभव येतोय.

यात मुलांचा काय दोष? शाळेत क्रोमबुक, हातात फोन. आयफोन २००७ साली आला आणि त्यावर फाइल्सचं अधिकृत ॲप यायला २०१७ उजाडलं. दहा वर्षं 'फाइल कुठे आहे' याचं उत्तर 'ॲपमध्ये आहे' एवढंच होतं.

मात्र इथल्या लोकांनी पुढे काय केलं तेही बघा. एमआयटीत, हो, त्याच एमआयटीत, जानेवारी २०२० मध्ये काही तरुण मंडळींनी एक छोटा कोर्स घेतला. नाव ठेवलं 'द मिसिंग सेमिस्टर', म्हणजे राहून गेलेलं सत्र. पहिलाच तास शेलचा. कुठे आहोत ते बघा, काय आहे ते बघा, दुसरीकडे जा. एमआयटीच्या मुलांना हे शिकवताना कुणाला लाज वाटली नाही. त्याच्याही आधी, १९९८ पासून, 'सॉफ्टवेअर कार्पेंट्री' नावाची चळवळ शास्त्रज्ञांना संगणकाची सुतारकी शिकवतेय. त्यांच्या शेलच्या धड्यात सुरुवातीलाच काय येतं? फाइली आणि डिरेक्टऱ्यांमधून फिरणं. जीवशास्त्रात पीएचडी करणारी माणसं बसून ते शिकतात.

म्हणजे इकडचे लोक खड्डा बुजवायला लागलेत, आणि आपण फावडं घेऊन तोच खड्डा नव्याने खणायला निघालोय. वर कारण काय, तर 'तिकडे अमेरिकेत तरी'...



आता ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. अवघड अजिबात नाही. कारण मराठी माणसाला हे आधीच येतं.

आपला पत्ता कसा असतो? मुक्काम पोस्ट अमुक, तालुका तमुक, जिल्हा सातारा. ही झाली डिरेक्टरीची वाट. फरक इतकाच की आपण आतून बाहेर लिहितो आणि युनिक्स बाहेरून आत: आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव, मध्ये प्रत्येक ठिकाणी एक तिरकी रेघ. सगळ्यांच्या वर एक मूळ, त्याचं नाव नुसतीच तिरकी रेघ. हा झाला पूर्ण पत्ता. तो कुठूनही सांगा, तिथेच पोचवतो.

दुसऱ्या प्रकारचा पत्ताही आपल्याला ठाऊक आहे. "मारुतीच्या देवळामागे, पिठाच्या गिरणीशेजारी." हाही अचूक असतो, पण एका अटीवर: तुम्ही त्याच गावात उभे असायला हवं. हा सापेक्ष पत्ता. चुकीच्या गावात उभं राहून गिरणीशेजारचं घर विचारलंत, तर घर सापडेलही, पण ते दुसऱ्याच कुणाचं असेल! हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बाकी आज्ञा तीन. पहिली पीडब्ल्यूडी. आपल्याला पीडब्ल्यूडी म्हटलं की रस्ते आणि डाक बंगले आठवतात, इथे तिचा अर्थ 'मी आत्ता कुठे उभा आहे'. दुसरी एलएस, 'इथे काय काय आहे'. तिसरी सीडी, 'तिकडे चल'. सीडीला दोन टिंबं दिली की एक पायरी वर, गावातून तालुक्याला. नुसतंच सीडी म्हटलं की थेट घरी. घरासाठी एक नागमोडी खूणही आहे, टिल्डा. सी शेल लिहिणारा बिल जॉय ज्या एडीएम-३ए टर्मिनलवर काम करायचा त्याच्या कीबोर्डवर 'होम' आणि टिल्डा एकाच बटणावर होते. सीडी आणि पुढे आडवी रेघ म्हटलं की मघाशी जिथे होतो तिथे परत. आणि टॅबचं बटण दाबलं की अर्धवट लिहिलेलं नाव शेल स्वतःच पुरं करतं. जे म्हणतात की फार टाइप करावं लागतं, त्यांनी बहुधा टॅब कधी दाबलेलाच नसतो.

झालं. एवढंच आहे. जेवणानंतरच्या एका दुपारचा मामला.



"मग एवढ्याशा गोष्टीवर एवढा मोठा लेख?" हो, कारण या एवढ्याशा गोष्टीच्या पोटात सगळी ऑपरेटिंग सिस्टिम बसलेली आहे.

एक खरी गोष्ट सांगतो. बेल लॅब्जमध्ये १९६९ च्या सुमारास केन थॉम्पसन, डेनिस रिची वगैरे मंडळी पीडीपी-७ नावाच्या छोट्या यंत्रावर युनिक्स रचत होती. तेव्हा सीडीचं नाव होतं सीएचडीआयआर आणि तो इतरांसारखाच एक सुटा प्रोग्रॅम होता. मग त्यांनी फोर्कची सोय केली: शेल प्रत्येक कामासाठी स्वतःची एक प्रत, म्हणजे एक मूल, जन्माला घालणार, मूल काम करणार आणि संपणार. हे झालं आणि दुसऱ्या बाजूला डिरेक्टरी बदलणं बंद पडलं! आज्ञा द्यायची, काही तक्रार नाही, पण आपण होतो तिथेच. कोड पुन्हापुन्हा वाचून झाला, सगळे चिंतेत. आणि मग उलगडा झाला. सीएचडीआयआर आपलं काम चोख करत होता. मूल नव्या डिरेक्टरीत जात होतं आणि तिथेच संपत होतं. आईशेल मात्र जागची हललेलीच नव्हती. रिचीने युनिक्सच्या इतिहासावरच्या आपल्या लेखात हे स्वतः लिहिलंय.

मुलाला मंडईत पाठवलं म्हणून आई मंडईत पोचत नाही. आईला मंडईत जायचं तर आईनेच चप्पल घालायला हवी. म्हणून तेव्हापासून आजतागायत सीडी हा वेगळा प्रोग्रॅम नसून शेलच्या आतली आज्ञा आहे. 'आत्ता मी कुठे आहे' ही गोष्ट प्रत्येक प्रोसेसची स्वतःची असते, मूल ती आईकडून घेऊन जन्माला येतं, पण मुलाची वाटचाल आईला लागत नाही.

आता हे कळलेल्या आणि न कळलेल्या इंजिनिअरमधला फरक बघा. मी भारतातल्या आणि इथल्याही नव्या मुलांबरोबर काम करतो. "सर, स्क्रिप्टमध्ये सीडी लिहिलंय, स्क्रिप्ट चालते, पण टर्मिनल तिथेच राहतं." मूल मंडईत गेलं, आई घरी. "सर, डॉकरफाइलमध्ये एका ओळीत सीडी केलं, पुढच्या ओळीत सगळं विसरलं." दर ओळीला नवं मूल, म्हणून तर तिथे वर्कडिर नावाची वेगळी सोय आहे. "सर, माझ्या मशीनवर चालतं, रात्री क्रॉनमधून चालवलं की फाइल मिळत नाही म्हणतं." क्रॉन काम सुरू करतो तो वापरणाऱ्याच्या होम डिरेक्टरीतून, आणि आपण स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवलेला असतो 'गिरणीच्या मागे' छापाचा पत्ता. गावच वेगळं!

तिन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आणि ते पन्नास वर्षं जुनं आहे. ज्याला पहिल्या वर्षी सीडी नीट शिकवली त्याला हे पाच मिनिटांत सापडतं. ज्याला नाही शिकवली तो दोन दिवस इंटरनेटवरून उत्तरं चिकटवत बसतो, आणि एखादं चिकटलं तरी का चिकटलं ते त्याला कळत नाही. आपल्या मुलांच्या बुद्धीत काडीची उणीव नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. उणीव आहे ती कुणीतरी ठरवलेल्या 'हे आता कशाला' या यादीत.



आता आक्षेप. मला माहीत आहेत, कारण दर वेळी तेच येतात.

पहिला: शोधून मिळतं की, ठेवायचं कशाला? जीमेल २००४ साली आलं तेव्हा त्यांची घोषणाच होती की लावत बसू नका, शोधा. मेलसाठी ती उत्तमच कल्पना आहे, मीही तेच करतो. डिरेक्टऱ्यांचं झाड काही वेदांत सांगितलेलं नाही. मल्टिक्ससाठी ते माणसांनीच आखलं, १९६५ साली कागदावर मांडलं, आणि त्यात खोटही आहे. एक कागद दोन जागी शोभतो तेव्हा तो कुठे ठेवायचा, हा घोळ कपाटात होतो तसा तिथेही होतो. पण शोधणं हे माणसाचं काम आहे, प्रोग्रॅमचं नाही. प्रोग्रॅमला पत्ता लागतो. शोधलं की 'रिपोर्ट फायनल', 'रिपोर्ट फायनल दोन', 'रिपोर्ट खरंच फायनल' अशा चार सापडतात. त्यातली कुठली ग्राहकाकडे गेली ते तिच्या जागेवरूनच कळतं.

दुसरा: माउस काय वाईट आहे? काहीच नाही. सहलीचे फोटो बघायला मीही माउसच वापरतो. पण माउसने केलेलं काम उद्या पुन्हा करायचं तर पुन्हा हात हलवावा लागतो. लिहून केलेलं काम फाइलीत ठेवता येतं, मित्राला पाठवता येतं, हजार वेळा चालवता येतं. फोनवर कुणाला "वर उजवीकडे ते गोल दिसतंय का, त्याच्या खाली" असं सांगून बघा, म्हणजे लेखी भाषेची किंमत कळेल.

तिसरा आक्षेप नवा आहे आणि खरी लढाई त्याच्याशीच आहे: आता एआय एजंट स्वतःच सीडी करतो, आपण फक्त 'हो' म्हणायचं.

मी एजंट वापरतो. कामाला वाघ आहेत. पण दोन घटना सांगतो, दहा वर्षांच्या अंतरावरच्या.

जानेवारी २०१५. व्हॉल्व्ह कंपनीच्या स्टीम या खेळांच्या प्रोग्रॅमची लिनक्सवरची स्क्रिप्ट. तिला स्वतःची डिरेक्टरी शोधून तिच्यातलं सगळं पुसायचं होतं. डिरेक्टरी शोधायला तिने सीडी केलं आणि जिथे पोचलो तो पत्ता एका चलात ठेवला. एका माणसाने स्टीमची डिरेक्टरी दुसरीकडे हलवलेली होती. त्याच्याकडे ते सीडी फसलं, चल रिकामं राहिलं. मग 'या पत्त्याच्या तिरक्या रेघेखालचं सगळं पुसा' या आज्ञेत पत्ता गायब आणि उरली नुसती तिरकी रेघ. म्हणजे मूळ! त्या माणसाच्या सगळ्या फाइली गेल्या, बाहेरून जोडलेल्या बॅकअपच्या डिस्कवरच्यासुद्धा. कहर म्हणजे लिहिणाऱ्याने त्या ओळीजवळ टीप टाकून ठेवली होती: 'भीतिदायक!' भीती वाटली, पण सीडी यशस्वी झालं का ते तपासलं नाही.

जुलै २०२५. गूगलचा जेमिनी सीएलआय हा एजंट. विंडोजवर एकाने त्याला सांगितलं की एक नवं फोल्डर कर आणि या फाइली तिथे हलव. त्या माणसाने नंतर मांडलेल्या तपशिलानुसार फोल्डर करण्याची आज्ञा फसली, पण एजंटने ती झाली असं धरून चालून एकेक फाइल 'तिथे' हलवली. विंडोजवर हलवायची जागाच अस्तित्वात नसेल तर तेच नाव फाइलीला मिळतं. म्हणून प्रत्येक फाइल आधीच्या फाइलीवर चढत गेली आणि आधीची पुसली गेली.

एक चूक माणसाने लिहिलेली, एक यंत्राने केलेली. चूक तीच: कुठे उभे आहोत आणि जिथे जातोय ती जागा आहे का, हे पाहिलं नाही. पहिल्या वर्षाच्या पोराला शिकवतात ते एवढंच, की सीडी झालं तरच पुढचं कर, दोन्हीच्या मध्ये दोन ॲम्परसँड टाक.

आणि आता आपण अशी पिढी घडवायला निघालोय की जिच्यासमोर एजंट विचारेल, "दोन पायऱ्या वर जाऊन हे सगळं पुसू का?", आणि ती 'हो' दाबेल. हो म्हणायला हरकत नाही, पण हो म्हणण्याआधी वाचता यायला हवं. आपल्या आजोबा-पणजोबांनी सावकाराने पुढे केलेल्या कागदांवर न वाचता अंगठे उठवले आणि जमिनी गमावल्या. त्यांना अक्षरं शिकवलीच नव्हती. आपण शिकलेल्या पोरांकडून तो अंगठा उठवून घेणार, आणि त्याला 'एआय टूल्सची ओळख' म्हणणार.

हे फक्त इंजिनिअरांपुरतं आहे असंही नाही. विंडोजमध्ये डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स वनड्राइव्हच्या पोटात जातात, फुकटची पाच जीबी भरते, आणि मग पैसे भरा म्हणून निरोप येतो. भरणाऱ्याला अनेकदा ठाऊकही नसतं की आपले कागद घरच्या डिस्कवर आहेत की कुणाच्या गोदामात. ज्याला आपल्या जमिनीचा गट नंबर माहीत नाही त्याची जमीन दुसऱ्याच्या भरवशावर असते. फाइलींचंही तसंच. पत्ता माहीत नसलेली वस्तू आपली नसते, आपल्याला वापरायला दिलेली असते.



तर त्या कॉलेजातल्या आणि इतरही सगळ्या सरांना माझं म्हणणं असं. एआय जरूर शिकवा, पण शेलचे दोन तास ठेवा. आणि ठेवायचेच तर जर्नल भरण्यापुरते नकोत. 'युनिक्सची पाच वैशिष्ट्ये लिहा' हा प्रश्न कायमचा बंद करा, त्याने एकाही मुलाचं भलं झालेलं नाही. त्याऐवजी प्रत्येकाला फाइलींचं एक आडवंतिडवं झाड द्या आणि सांगा, माउसला हात न लावता यातली अमुक फाइल शोध, आणि तिचा पत्ता दोन प्रकारे लिही, एकदा मुळापासून, एकदा तू उभा आहेस तिथून. मग एक स्क्रिप्ट द्या जी एका जागेवरून चालते आणि दुसऱ्या जागेवरून फसते, आणि विचारा, का? ज्याला याचं उत्तर आलं त्याच्या हातात खुशाल कुठलाही एजंट द्या.

आणि ज्या मुलांच्या कॉलेजात हे तास आधीच गेले आहेत त्यांनी सरांची वाट बघत बसू नये. मॅकवर टर्मिनल आहेच, विंडोजवर पॉवरशेल आहे, त्यालाही या तिन्ही आज्ञा कळतात. लॅपटॉप नसेल तर अँड्रॉइड फोनवर टर्मक्स फुकट मिळतं. उघडा, पीडब्ल्यूडी लिहा, एंटर मारा. यंत्र सांगेल तुम्ही कुठे आहात ते. पुढे कुठे जायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.